लिटरला चार टोपणं

टोपण खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं होतं. दहा मिलीचं, पारदर्शक, कडेला पाचाची आणि दहाची उठावदार रेघ. बाटली कधीच भंगारात गेली होती, टोपण मात्र पडवीतल्या खिळ्याला टांगलेल्या पिशवीत जपून ठेवलेलं असायचं. चाळीसच्या बल्बच्या उजेडात दिसावी म्हणून दहाची रेघ मी निळ्या बॉलपेनने गिरवून काढली होती. एक लिटर पेट्रोलला चार टोपणं तेल. पाच लिटरच्या कॅनला वीस. आधी थोड्या पेट्रोलात सगळं तेल घालून कॅन हलवायचा, मग उरलेलं पेट्रोल ओतायचं. दादाची गाडी, मिस्त्रींचं डोकं आणि माझं टोपण, एवढीच आमची रेसिंग टीम.

गाडी आरएक्स हंड्रेड. यामाहाच्या सहकार्याने एस्कॉर्ट्सने ती 1985 साली आणली. इंजिन 98 सीसीचं, ताकद 11 हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. खरं तर कंपनीने तिला तेलाची वेगळी टाकी आणि पंप दिला होता. पेट्रोलमागे तेल किती सोडायचं, ते तिचं तीच बघायची. पण शेतात पळवायची गाडी म्हटल्यावर मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी तो पंप उतरवला. "पंप बंद पडला तर आपल्याला कळतंय कवा? पिस्टन धरल्यावर," ते म्हणाले. यंत्रावरचा भरवसा काढून तो तेरा वर्षांच्या मुलीवर ठेवण्यात काय शहाणपण होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

तेल पेट्रोलातच का घालायचं, हे मला मिस्त्रींनी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गाळ्यात एका फुटक्या क्रँककेसवर बोट ठेवून समजावलं. फोर-स्ट्रोक इंजिन आपलं तेल पोटात घेऊन हिंडतं. खाली साठा असतो, तिथून ते वर फिरतं आणि पुन्हा खाली येतं. टू-स्ट्रोकला ती सोय नाही, कारण तिच्या पोटातूनच पेट्रोल आणि हवेची वाट जाते. पिस्टन वर गेला की मिश्रण खालच्या पोकळीत ओढलं जातं, पिस्टन खाली आला की तेच दाबून वर पाठवलं जातं. वाटेत तेल साठवलं तर तेही वाहून जाणार. म्हणून तेल पेट्रोलाबरोबरच यायचं, जाता जाता बेअरिंगला, पिस्टनला, सिलिंडरच्या भिंतीला हात लावायचा आणि जळून धुरात निघून जायचं. दर फेरीला नवं तेल. घरात कोणीतरी ते मोजून घालणारं असावं लागतं.

घरात आबांना ही गाडी पटली नाही. त्यांच्या कानात विहिरीवरचं इंजिन होतं. पाच हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं, डिझेलवर चालणारं. हँडल मारून ते सुरू केलं की त्याचा ढुक... ढुक... ढुक आवाज तीन शेतांपलीकडे जायचा आणि त्या आवाजावरून आबा उसाच्या कितव्या सरीला पाणी लागलंय ते सांगायचे. मिनिटाला साडेसहाशे फेऱ्या फिरणारं ते इंजिन फोर-स्ट्रोक होतं, म्हणजे सेकंदाला जेमतेम पाच ठोके. आमच्या पंचक्रोशीत फोर-स्ट्रोक हा असा जुनाजाणता, पाण्याचा आवाज होता. गुऱ्हाळावर तोच, पिठाच्या गिरणीत तोच. दादाने पहिल्यांदा अंगणात आरएक्सची मूठ पिळली तेव्हा गोठ्यातली म्हैस दावं तोडायला आली. आबांनी एवढंच विचारलं, "ह्यानं पाणी उपसतंय का?"

आबा भजनात मृदंग वाजवायचे. चारआठ दिवसांनी, बहुधा ऐकून ऐकून, त्यांनी गाडीचं निदान केलं: "त्या गाडीला खाली न्हाई गा. नुस्ती समच बडवतीया."

इंजिनाचं कुठलंही पुस्तक न वाचलेल्या माणसाने याहून नेमकं सांगितलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. फोर-स्ट्रोकमध्ये ओढणं, दाबणं, पेटणं, फेकणं अशा चार हालचाली पिस्टनच्या चार खेपांत होतात, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच भडका. एक फेरी ताकदीची, दुसरी श्वासाची. ती दुसरी फेरी म्हणजे तालातली बिनजोराची मात्रा, खाली. टू-स्ट्रोक हे सगळं दोन खेपांत उरकते, दर फेरीला भडका. सहा हजार फेऱ्यांवर फोर-स्ट्रोक सेकंदाला पन्नास ठोके देते तर टू-स्ट्रोक शंभर. लय तीच, वाजतंय दुगुन. दोन्हींच्या आवाजातला फरक बराचसा इथेच आहे. एकीचा आवाज छातीत बसतो, दुसरीचा कानशिलात.

दोनच खेपांत उरकायचं म्हणजे चेंगराचेंगरी आलीच. मला ते नेहमी जत्रेच्या दिवसांतल्या एसटीसारखं वाटतं. फोर-स्ट्रोकला दोन दारं, म्हणजे व्हॉल्व्ह. एका दाराने जुने प्रवासी उतरले, दार लागलं, मग दुसऱ्या दाराने नवे चढले. टू-स्ट्रोकला दारंच नाहीत, सिलिंडरच्या भिंतीत नुसती भोकं. ती उघडायची-झाकायची कामं पिस्टनच येता-जाता करतो. जळका धूर एका बाजूने बाहेर पडतोय, त्याच क्षणी ताजं मिश्रण दुसऱ्या बाजूने आत घुसतंय. त्या रेटारेटीत नवे चढलेले काही जण न बसताच पलीकडून बाहेर फेकले जातात. ते न जळलेलं पेट्रोल. खिशाला भोक ते, आणि हवेत घाणही तेच.

ह्यावरची तोड ज्याने पक्की बसवली तो वॉल्टर काडेन पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात होता. त्याने सायलेन्सरच्या नळीचं पोट मापात बसवलं. आधी फुगत जाणारी, मग निमुळती होत जाणारी नळी. इंजिनातून सुटलेली आवाजाची लाट त्या निमुळत्या टोकावर आपटून माघारी येते आणि बाहेर निसटू बघणाऱ्या ताज्या मिश्रणाला ऐन वेळी परत आत ढकलते. दारात लोंबणाऱ्या प्रवाशांना पाठीवर थाप मारून आत कोंबणारा कंडक्टरच म्हणा. फक्त ही थाप ठरावीक फेऱ्यांवरच वेळेवर पडते. खाली गाडी मरगळलेली, आणि एकदा का ती पट्टी गाठली की मागून कोणीतरी लाथ घातल्यासारखी उसळते. 1961 साली काडेनचाच रेसर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पळाला आणि ही विद्या घेऊन सुझुकीकडे गेला. पुढच्याच वर्षी सुझुकीवर तो 50 सीसीचा जगज्जेता झाला. जपानी टू-स्ट्रोकच्या पुढच्या तीस वर्षांच्या भरभराटीत त्या पळून जाण्याचा वाटा मोठा आहे. शीतयुद्धात माणसं अणुबॉम्बची गुपितं पळवत होती, हा गडी सायलेन्सरचं घेऊन पळाला.

ती विद्या वीसेक वर्षांनी उद्यमनगरात पोचली होती, फक्त नावं गळून. कोल्हापूरला ओतकामाची आणि ऑइल इंजिनांची जुनी परंपरा. लेथवर बसणाऱ्या माणसाला लोखंडाचा स्वभाव नाडीसारखा कळतो. मिस्त्रींनी पत्र्याच्या कोनांचे तुकडे कापून, वेल्ड मारून दादासाठी पोटाची नळी केली. माप पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा चुकलं. तिसऱ्या नळीवर गाडीने माळावर अशी काही उचल खाल्ली की दादा मागे सांडला आणि गाडी एकटीच बाभळीपर्यंत गेली. मिस्त्री आधी गाडीकडे धावले.

आणि वास! त्याबद्दल लिहायचं टाळलं तर मी खोटी ठरेन. जुन्या रेसिंग तेलांत एरंडेल असायचं. कॅस्ट्रॉल हे नावच एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून आलेलं आहे. आम्ही वापरायचो ते पंपावरचं साधं टू-टी, त्यात एरंडेलाचा थेंब नसणार. पण मिस्त्रींकडे कुठूनशी आलेली एक डबी होती आणि शर्यतीच्या दिवशी त्यातलं थोडं ते कॅनमध्ये टाकायचे. जळल्यावर तो गोडसर, जड, काहीसा तळणीचा वास सुटायचा. घरात दर महिन्याला नाक दाबून एरंडेल प्यायला लागणारी मी त्या धुरात मात्र नाक उघडं ठेवून उभी राहायचे. आजही एखादी जुनी गाडी निळा धूर सोडत पुढे गेली की मी खिडकीची काच वर करायच्याऐवजी खाली करते. फुप्फुसांचे डॉक्टर हे वाचत असतील तर त्यांनी पुढचा परिच्छेद घ्यावा.

शर्यती व्हायच्या मार्चमध्ये, ऊस तुटून गेलेल्या रानात. दोरी बांधून वाट आखायची, वळणांवर पाचटाचे भारे रचायचे, ट्रॅक्टरने दोन उंचवटे करायचे. पंधरावीस गाड्या: आरएक्स, सुझुकी, एखादी येझदी. आमच्याकडे येझदीला म्हातारी म्हणून हसायचे, पण तिचं घराणं मोठं होतं. म्हैसूरच्या कारखान्यात बनणारी येझदी म्हणजे चेक जावाचीच लेक. आणि जावाची बहीण सीझेड, तिच्यावर पाउल फ्रीड्रिक्सने 1966, 67, 68 अशी सलग तीन वर्षं 500 सीसी मोटोक्रॉसची जगज्जेतेपदं मारलेली. त्याच्या आधीची दोन वर्षं इंग्लंडच्या जेफ स्मिथने बीएसएवर जिंकली होती, ती गाडी फोर-स्ट्रोक. चिखलातल्या शर्यतींचं राज्य बीएसएकडून सीझेडकडे गेलं, म्हणजे धिम्या ठोक्याकडून दुगुनीकडे. कारण अगदी साधं: व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. वजन कमी. चिखलात पडलेली गाडी उचलून बघा, मग वजन म्हणजे काय ते कळतं.

त्या वर्षीच्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी कॅन भरत होते. दहा टोपणं झाली आणि शेजारच्या काकूंनी विरजण मागायला हाक मारली. मी उठले, विरजण दिलं, दोन गोष्टी बोलले, परत आले, टोपण पुसलं, पिशवीत ठेवलं आणि उरलेलं पेट्रोल ओतलं. वीस झाली असं मला खरोखरच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी चौथ्या फेरीत, उंचवट्यावरून उतरताना, आरएक्सचा आवाज एकदम चिरकला आणि थांबला. पिस्टनने सिलिंडर धरला. मागचं चाक जागच्या जागी आवळलं, दादा हँडलवरून पुढे गेला. गळ्याचं हाड मोडलं. लोक पाणी घेऊन धावले. माझ्या पायांतलं त्राण गेलं होतं. मी दोरीपाशी उभी राहून मनात मोजत होते आणि दहाच्या पुढे एकही टोपण आठवत नव्हतं.

संध्याकाळी मिस्त्रींनी ब्लॉक उतरवला. पिस्टनच्या दोन्ही अंगांना उभे चरे, नखाला लागतील असे. त्यांनी तो उजेडात फिरवला, अंगठ्याने पुसला, पुन्हा फिरवला. माझ्याकडे बघितलं नाही, आणि ते न बघणंच मला जास्त लागलं. गळ्यात पट्टा बांधून खाटेवर टेकलेला दादा म्हणाला, "जेट बारीक पडलं मिस्त्री. मीच बदललं होतं सकाळी." जेट असतं कार्बोरेटरमध्ये, आणि कार्बोरेटर मिस्त्रींशिवाय कोणी उघडत नसे. त्यांनी "व्हय, जेटच आसंल" म्हणून पिस्टन फडक्यात गुंडाळला. पुढच्या रविवारी पाच लिटरचा कॅन माझ्यासमोर आणून ठेवला, पिशवीतून टोपण काढून वर ठेवलं आणि चहा प्यायला गेले.

टू-स्ट्रोकची ओढ कशात आहे, असं मला विचारलं तर मी हेच सांगू शकते. बाकीच्या गोष्टीही खऱ्या आहेत. ती हलकी आहे, उघडायला सोपी आहे. पिस्टन बदलायचा तर अर्ध्या दिवसाचं काम आणि खिसा फार हलका होत नाही. फोर-स्ट्रोकचं डोकं एकदा उघडलं की व्हॉल्व्ह, सीट, टायमिंगची साखळी अशी वरातच निघते. पण टू-स्ट्रोक माणसांना कामाला लावते. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना मूठ बंद ठेवून गाडी सोडली तर पेट्रोल थांबतं आणि पेट्रोलाबरोबर तेलही. म्हणून जुने चालवणारे उतारावर मधूनमधून उगीच मूठ पिळायचे. पाहणाऱ्याला वाटायचं गाडी मिरवतायत, तर ते तिला घास भरवत असायचे. आणि डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. पिस्टनने धरलंच तर चाक सोडवायला तेवढाच क्षण मिळतो. दादाची ती दोन बोटं आजही कारच्या स्टिअरिंगवर सुटी असतात.

फोर-स्ट्रोक उतारावर स्वतःच गाडीला आवरून धरते, चढावर धिम्या गतीनेही ओढते, ओल्या जमिनीत चाकाला एकदम उसळी देत नाही. ठोक्यांच्या मधल्या त्या खालीमध्ये टायरला माती पकडायला उसंत मिळते, असं चालवणारे सांगतात. नवशिक्याला ती सांभाळून घेते. हे गुण लहान नाहीत. 1997 मध्ये लास व्हेगासच्या सुपरक्रॉसमध्ये डग हेन्रीने यामाहाची 400 सीसी फोर-स्ट्रोक सगळ्या टू-स्ट्रोकच्या पुढे काढली, तेव्हा मातीतलं राज्य पुन्हा फिरलं. 1995 मध्ये एका उडीत पाठीचा कणा मोडलेला हा माणूस 1998 मध्ये त्याच घराण्यातल्या वायझेड 400 एफवर अमेरिकेची 250 वर्गाची मैदानी मोटोक्रॉस स्पर्धा जिंकला. 250 चा वर्ग आणि 400 ची गाडी, कारण नियमाने फोर-स्ट्रोकला मोठं इंजिन चालत होतं. पुढे 125 टू-स्ट्रोकसमोर 250 फोर-स्ट्रोक आणि 250 समोर 450 अशी जोडी पक्की झाली. मापं मोजण्यात बालपण गेलेल्या बाईला हा तराजू जरा झुकलेला वाटतो. एकीला दुगुन वाजवता येतं म्हणून दुसरीला जवळजवळ दुप्पट मोठा मृदंग द्यायचा. होंडाने 2007 नंतर मोटोक्रॉसच्या टू-स्ट्रोक थांबवल्या. यामाहा मात्र वायझेड 125 आणि 250 अजून बनवते.

आणि डोंगरात टू-स्ट्रोक हरलेलीच नाही. ऑस्ट्रियात एर्झबर्गच्या लोखंडाच्या खाणीत 1995 पासून शर्यत होते. पाचशे जण सुटतात आणि शेवटापर्यंत बोटांवर मोजण्याइतके पोचतात. तिथे घरंगळणाऱ्या दगडांच्या चढावर गाडी ढकलावी लागते, ओढावी लागते, उलटली तर पुन्हा उभी करावी लागते, आणि तिथली लाडकी गाडी अजूनही 300 सीसी टू-स्ट्रोकच. केटीएमने 2018 च्या मॉडेलांपासून तिलाही इंजेक्शन आणि तेलाचा पंप दिला. म्हणजे माझं टोपण तिथूनही गेलं.

रस्त्यावरून टू-स्ट्रोक गेली हे मात्र बरंच झालं. नव्वदच्या दशकात कोल्हापूरच्या स्टँडसमोर रिक्षा, लुना, स्कूटर यांच्या निळ्या धुरात उभं राहून आमचे डोळे चुरचुरायचे. आमच्या मावशीचा दमा तेव्हाचा. लाखो गाड्यांच्या त्या चेंगराचेंगरीत न जळता निसटलेलं पेट्रोल आपण सगळ्यांनीच हुंगलं. 1985 मध्येच आलेली हिरो होंडा सीडी 100 लिटरला 80 किलोमीटरची जाहिरात करत होती, आणि संसारी माणसाने ती घेतली यात त्याचं काय चुकलं? 1996 मध्ये आरएक्स हंड्रेड बंद झाली तेव्हा मला वाईट वाटलं, अन्याय वाटला नाही.

जानेवारी 2024 मध्ये भाचा मला पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस बघायला घेऊन गेला. स्टेडियममध्ये मातीचे डोंगर, दिव्यांचा झगमगाट, परदेशी रेसर, आणि 450 फोर-स्ट्रोकांचा असा गडगडाट की खुर्चीचं प्लॅस्टिक थरथरत होतं. मी मन लावून ऐकलं. आबांना आवडला असता. विहिरीवरचं इंजिन पिसाळलंय, असं काहीतरी ते म्हणाले असते. परतताना भाच्याने विचारलं, "आत्या, मातीत शिकायला टू-स्ट्रोक घेऊ की फोर-स्ट्रोक?" मी म्हटलं, मिळणार आहे का तुला टू-स्ट्रोक? त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केटीएमने आपल्याकडे मातीतल्या गाड्या आणल्या. त्यांत 50, 65 आणि 85 या मुलांच्या गाड्या तेवढ्या टू-स्ट्रोक, मोठ्यांच्या सगळ्या फोर-स्ट्रोक. किमती लाखांत. भाचा तेवीस वर्षांचा, उंची सहा फूट. त्याने एक्सपल्स 200 घेतली, सेकंडहँड. चांगली गाडी आहे. ह्या पावसाळ्यात तो चिखलात सतरा वेळा पडला आणि ती सतरा वेळा बटणावर सुरू झाली.

दसऱ्याला दोन्ही गाड्या अंगणात उभ्या केल्या. झेंडूच्या माळा, कुंकू, चाकाखाली लिंबू. भाच्याने बटण दाबलं, एक्सपल्स आज्ञाधारकपणे बोलू लागली. दादाने कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "झ्याक हाय. पाणी उपसंल." मग त्याने ताडपत्री ओढून आरएक्स पुढे घेतली. मिस्त्री जाऊन आठ वर्षं झाली. मी एक लिटर पेट्रोल मोजून घेतलं, टोपण काढलं. निळी रेघ पुसट झाली आहे, चष्म्याशिवाय दिसत नाही. एक, दोन, तीन, चार, मोठ्याने मोजली.

"त्या येळी दहाच टाकलेलीस ना?" दादा प्लग घट्ट करत म्हणाला. वर बघितलं नाही.

"दहाच," मी म्हटलं.

"जेटबी बारीकच होतं," तो म्हणाला आणि किकवर उभा राहिला. पहिली किक वाया गेली, दुसरीही. तिसऱ्या किकला गोठ्यापासून दारापर्यंत निळा धूर झाला आणि वहिनीने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली.